बाबांच्या कामाचे तास

मी शर्टांच्या कारखान्यात वेळ मोजायचं काम करते. कॉलर लावायला किती सेकंद, खिसा उलटवायला किती, बटण टाचायला किती. गळ्यात स्टॉपवॉच, हातात कागद लावलेली पाटी, आणि शिवणाऱ्या बाईच्या उजव्या खांद्यामागे उभं राहायचं. समोर उभं राहिलं की ती बिचकते. कारखान्यात मला घड्याळबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मी चार पावलं पुढे गेले की इतक्या मोठ्याने म्हणतात की ते तोंडावर म्हटल्यातच जमा आहे. त्याचा मला राग येत नाही. 'हे काय, दोन मिनिटांचं काम' असं म्हणणाऱ्यांचा येतो. दोन मिनिटांचं म्हणून सांगितलेलं काम दोन मिनिटांत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

घड्याळ दिसलं की माणसाचे हात आखडतात. त्यात लबाडी असतेच असं नाही. ज्या वेगाने आज मोजलं जाईल, तोच वेग उद्यापासून रोज मागितला जाणार, हे प्रत्येकीला ठाऊक असतं. म्हणून आम्ही नुसता वेळ लिहीत नाही, शेजारी टक्केही लिहितो. ही बाई तिच्या खऱ्या वेगाच्या ऐंशी टक्क्यांनी चाललीय, ही सत्तरने. हे नुसतं बघून ओळखावं लागतं. माझी नजर त्यात पक्की आहे असं आमचा सुपरवायझरही मान्य करतो, आणि तो सहसा काही मान्य करत नाही.

आई जाऊन चार महिने झाले होते. या चार महिन्यांत मी एकदाही रडले नाही, याचं नातेवाइकांना फार कौतुक. 'खंबीर आहे पोरगी' म्हणाले. खंबीर वगैरे काही नव्हतं. दात काढताना सुई दिल्यावर गाल जसा होतो, तशी मी झाले होते. हात लावला तर गाल आहे हे कळतं, पण तो आपला आहे असं वाटत नाही. कामावर जात होते, जेवत होते, लोक हसले की हसत होते. कुणी कशीयेस विचारलं की बरी आहे म्हणत होते, आणि ते खोटंही नव्हतं.

बाबा मात्र त्या जुन्या भाड्याच्या घरात एकटे राहिले. दोन खोल्या, मागे छोटं अंगण. दादाचं म्हणणं, त्यांनी त्याच्याकडे यावं. दादाचा फ्लॅट दुसऱ्या गावात, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, वहिनी स्वभावाने चांगली आहे, एक खोली रिकामी आहे. "विषय संपला," असं दादा प्रत्येक फोनच्या शेवटी म्हणायचा आणि पुढच्या फोनला तोच विषय काढायचा. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. "मी माझं करून खातो." घरमालकिणीला महिनाअखेर कळवायचं होतं, घर ठेवताय की सोडताय. तिचा पुतण्या डोळा ठेवूनच होता त्या घरावर. एकदा सोडलं की परत मिळणार नव्हतं.

शेवटी दादानेच तोडगा काढला.

"तुझं तर कामच आहे ते," तो मला फोनवर म्हणाला. "आठवडाभर जाऊन राहा. घरकामात त्यांचा किती वेळ जातो ते मोज. सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबतच असतील तर मी त्यांना घेऊन जातो. नसतील, तर मी परत म्हणून बोलणार नाही. सोक्षमोक्ष लावून टाक एकदाचा."

मी हो म्हटलं. रजा शिल्लक होती, एवढंच कारण. चार महिन्यांत मी तिकडे दोनदाच गेले होते, आणि दोन्ही वेळा सकाळी जाऊन दुपारी परत आले होते. ते घर मला नको वाटायचं. तिथे गेल्यावर काहीतरी वाटायला हवं असायचं आणि वाटायचं नाही.

"सहज," मी बाबांना सांगितलं. "घरकामाला आठवड्याचा किती वेळ जातो ते बघायचंय."

त्यांनी माझ्या गळ्यातल्या स्टॉपवॉचकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. "बरं. मोज," म्हणाले. कशासाठी ते विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कारखान्यात मोजायला बसण्याआधी कामगाराला सगळं समजावून सांगावं लागतं, तसा नियमच आहे. घरात कसले आलेत नियम.

बाबांनी सारा जन्म पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात काढला. घड्या घालायच्या, डिंक लावायचा, दाबायचं, पुढचं. जितकी खोकी तितके पैसे. माझ्यासारखा एक घड्याळवाला त्यांच्याही मागे उभा राहायचा. लहानपणी मी त्या माणसाला शिव्या घालताना त्यांना ऐकलेलं आहे. पुढे मला हीच नोकरी लागली, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "निदान सावलीतलं काम आहे."

पहिल्या दिवशी सकाळी ते बटाटे घेऊन ओट्यापाशी उभे राहिले.

"बसलीस?"

"बसले."

"मग करतो सुरू."

एकेक बटाटा. साल इतकी पातळ की आरपार दिसावं. प्रत्येक डोळा सुरीच्या टोकाने कोरून काढायचा, बटाटा धुवायचा, खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवून बघायचा, मग दुसरा. दोन माणसांच्या भाजीला अर्धा तास. ताट पुसायचं तर पुढून, मागून, कडेने, आणि परत पुढून. केर काढताना प्रत्येक खुर्ची उचलून बाजूला, केर, खुर्ची जागेवर. मग मला म्हणायचे, "पाय वर घे," आणि माझ्या पायाखाली दोनदा झाडायचे. चादरीची घडी घालायला ती आधी पलंगावर पसरायची, तळहाताने सुरकुत्या काढायच्या, कोपऱ्याला कोपरा लावायचा. तो कोपरा जमला नाही तर सगळं पहिल्यापासून.

हे सगळं करताना ते बोलायचे. तसा माणूस मितभाषी, पण त्या आठवड्यात काम हातात असलं की तोंडही चालायचं. आई कांदा पाण्याखाली धरून चिरायची. आईला इस्त्री आवडायची नाही, ती शर्ट गादीखाली ठेवून द्यायची आणि 'झाली इस्त्री' म्हणायची. आईने एकदा नवं पातेलं जाळलं आणि ते शेजारणीचं आहे असं महिनाभर सांगितलं. मी हं म्हणायचे आणि आकडा लिहायचे. आईच्या कामाचा वेळ कधी कुणी मोजला नव्हता, आणि आता मोजता येणार नव्हता. हे माझ्या लक्षात आलं, मी ते मनात एकदा म्हणून पाहिलं, आणि पुढची ओळ आखली.

मधे एकदा मी दुकानातून साबण आणायला गेले. यायला उशीर झाला, वाटलं भांडी घासून झाली असतील. बाबा कोरड्या हातांनी नळापाशी उभे होते.

"सुरू नाही केलंत?"

"तू नव्हतीस ना. मोजणार कोण?"

मला वाटलं, जुना कामगार, शिस्तीचा माणूस.

कामं पुरायची नाहीत म्हणून की काय, ते नवी काढायचे. बरण्यांची झाकणं, दाराच्या कड्या, अंगणातल्या कुंड्यांच्या बाहेरची माती. दिवस मावळेपर्यंत हात चालूच. मी समोर स्टुलावर. बरं वाटत होतं की कंटाळा आला होता, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पेन चालत होतं. टक्क्यांच्या रकान्यात मी सगळीकडे शंभर लिहिलं. स्वतःच्या बापाला सत्तर टक्के कोण लिहिणार? शिवाय ते म्हातारे झालेत, हात जड झाले असतील, असं मी धरून चालले. ज्या नजरेचा कारखान्यात एवढा बोलबाला, ती मी त्या आठवड्यात वापरलीच नाही.

बेरीज आली आठवड्याचे साठ तास. कारखान्यातल्या माझ्या कामाहून जास्त.

रविवारी दादा आला. कागद बघून त्याने मान हलवली आणि बाबांच्या शेजारी बसला. रागावला नाही, आवाज चढवला नाही. तो खरं तर प्रेमाने बोलला, आणि त्यामुळे जास्तच वाईट झालं. म्हणाला, "बाबा, या वयात साठ तास? उद्या चक्कर येऊन पडलात तर आम्हाला कळायचंही नाही. माझ्याकडे चला. पुढच्या शनिवारी ही येईल सामान बांधायला, रविवारी मी गाडी घेऊन येतो. मालकिणीला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी कळवू."

बाबांनी कागद हातात घेतला. लांब धरून बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं काहीतरी बोलतील.

"एवढे निघाले?" ते म्हणाले.

"एवढे निघाले," मी म्हटलं.

"मोजणारी माझीच मुलगी आहे. ती खोटं कशाला लिहील?" त्यांनी कागद दादाला परत दिला. "तुम्ही म्हणाल तसं."

दादाने सुटकेचा श्वास टाकला. मीही टाकला असेन.

पुढच्या शनिवारी मी नेहमीच्या आधीची बस पकडली, कारण सामान बांधायचं होतं. घराचं मागचं दार उघडं होतं. आत पाऊल टाकण्याआधी मला आवाज आला. सुरीचा, लाकडी फळीवर, एकसारखा. असा आवाज मी रोज ऐकते. काम अंगात मुरलेल्या माणसाचा.

बाबा पाठमोरे होते. डाव्या हाताने बटाटा फिरत होता आणि साल एका पट्टीत खाली पडत होती. बटाटा फळीवर, सुरीचे चार टोले, दुसरा हातात, मधे थांबणं नाही. भात गॅसवर चढलेला. पलंगावर चादरी घडी करून ठेवलेल्या, आणि उरलेली एक, सुरी ठेवून, दारातल्या माझ्याकडे न बघताच त्यांनी उचलली. दोन टोकं धरून एक झटका, एक दुमड, दुसरी दुमड, झालं, आणि परत सुरी हातात. जन्मभर खोकी दुमडलेले हात ते. केर निघालेला होता, फरशी ओली होती, ताटं उपडी होती. सकाळचे आठ वाजायचे होते. मी घड्याळाला हात लावला नाही. गरजच नव्हती. शंभर टक्के. शंभरच्या वर.

"बाबा."

सुरी थांबली. ते वळले नाहीत. "लवकर आलीस."

"गेल्या आठवड्यात एवढ्या बटाट्यांना अर्धा तास लागत होता."

"लागला असेल."

"आणि आज?"

"आज घाई आहे. सामान आवरायचंय."

"बाबा, मी हे रोज बघते. मला नका सांगू."

मग ते वळले. चोरी पकडल्यासारखा चेहरा नव्हता. कंटाळल्यासारखा होता. "घड्याळापुढे कोण खरं करतं?" ते म्हणाले. "आम्ही सगळेच हात राखून करायचो."

"तिथे पैशाचा हिशेब होता. इथे कशासाठी?"

त्यांनी सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. "काम चालू असलं की तू बसायचीस."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? काम संपलं की उठायचीस. पाटी ठेवायचीस, अंगणात जाऊन फोन बघायचीस. काम काढलं की परत समोर येऊन बसायचीस. मग म्हटलं, लांबवू जरा."

मशीन कुठे अडतं ते नव्या माणसाला सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. मला त्या वेळी रडू यायला हवं होतं. राग आला. चार महिन्यांनी पहिल्यांदा काहीतरी आलं, तर ते हे.

"बाबा, त्या कागदावर तुमचं घर होतं. वेळ जास्त निघाला तर दादा तुम्हाला नेणार, कमी निघाला तर नेणार नाही, असं ठरलं होतं आमचं. आणि तुम्ही बरण्यांची झाकणं पुसत बसलात."

"मला कुणी सांगितलं?"

मी पिशवी खाली ठेवली.

"नाही, मला सांग ना. कुणी सांगितलं मला?"

"कुणी नाही."

"मग."

ते खुर्चीवर बसले. मी स्टुलावर बसले नाही, उभीच राहिले.

"तुम्हाला जायचंय का दादाकडे?" हे आम्ही त्यांना नीट असं कधी विचारलंच नव्हतं.

"चौथ्या मजल्यावर जाऊन मी काय करू? सूनबाई मला चहाचा कप विसळू देणार नाही. चांगली आहे, म्हणूनच देणार नाही. खायचं आणि भिंतीकडे बघायचं." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "इथे मला सगळं कुठे आहे ते ठाऊक आहे. मला नाही जायचं."

मी दादाला फोन लावला. तो आधी चिडला. हा काय पोरखेळ आहे, मी गाडी सांगून ठेवलीय, वहिनीने खोली रंगवून घेतलीय. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. परत मोज. आजच्या आज. आठवड्याचं जे जे काम असतं ते सगळं करायला सांग, आणि खरा आकडा सांग मला. तुझ्या शब्दावर सोडतो."

या वेळी मी नियमाप्रमाणे वागले. बाबांना समोर बसवून सांगितलं, कशासाठी मोजतोय, काय मोजणार, आकड्याचं पुढे काय होणार. "जितका कमी वेळ, तितकं घर तुमचं."

त्यांनी विचार केला. "आणि मोजून झालं की?"

"मोजून झालं की झालं."

"हं," म्हणाले, आणि बाह्या दुमडल्या.

मला स्टुलावर बसायलाच मिळालं नाही. ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचे आणि मी पाटी घेऊन मागे. घडी घातलेल्या चादरी मोडून परत घातल्या, कारण मघाची मोजली नव्हती. कपडे धुऊन, पिळून दोरीवर. न्हाणीघर घासून काढलं. खिडक्यांच्या काचा, दोन हात ओल्या फडक्याचे, एक कोरड्याचा. आठवड्याच्या शर्टांना इस्त्री. पाट्या टाकणं नव्हे, काम स्वच्छ होतं, कुठे डाग नाही, सुरकुती नाही. पण वर पाहणं नाही, थांबणं नाही. आणि बोलणं नाही. कांद्याचं नाही, पातेल्याचं नाही, आईचं एक अक्षर नाही. कांदा चिरताना मी स्वतःहून म्हटलं, "आई हा पाण्याखाली धरायची ना?" ते म्हणाले, "वेळ जातो बोलण्यात."

दुपारच्या आत सगळं उरकलं. त्यांनी फडकं पिळून दोरीवर टाकलं.

"झालं. लिही."

मी तिथेच उभ्याने बेरीज केली. रोजच्या कामांना सातने गुणलं, आठवड्याची मिळवली. साठाचे वीस झाले. फोन स्पीकरवर ठेवून दादाला सांगितलं. खात्री करून घ्यायला त्याने परत एकदा विचारलं. मी परत सांगितलं.

"बरं बाबा, हरलो," तो म्हणाला, आणि हसलाही. "राहू देत तिथेच. मालकिणीला कळवतो घर ठेवतोय म्हणून. खरं सांगू का, मलाही हायसं वाटलं. एवढं झटपट करतायत म्हणजे काळजीचं कारण नाही. आता तुलाही रजा काढून धावायला नको. सहा महिन्यांनी वगैरे एखादी चक्कर टाकू आपण. विषय संपला."

बाबा ऐकत होते. त्यांनी बाह्या खाली केल्या, बटणं लावली. घर राहिलं होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आनंद झालाय का बघायला. झाला असावा.

"बस कितीची आहे?" त्यांनी विचारलं.

"एक आहे थोड्या वेळात."

"मग ती गाठ. उगाच थांबू नकोस. इथे आता काम उरलं नाही."

खरंच उरलं नव्हतं. ओटा कोरडा होता, खुर्च्या जागेवर होत्या, दोरीवर कपडे होते. बाहेर अजून पुरती दुपारही झाली नव्हती.

"आता संध्याकाळपर्यंत काय करणार तुम्ही?" मी विचारलं.

"ते मोजायला कुणी सांगितलंय तुला?" ते म्हणाले, आणि माझी पिशवी आणून माझ्या हातात दिली.

मला थांबायचं होतं. आई गेल्यापासून मला हवंसं वाटलेलं ते पहिलंच काही. पण कशासाठी थांबतेय म्हणून सांगायचं, ते सुचेना. स्टॉपवॉच गळ्यातून काढून मी पिशवीत टाकलं आणि चपला घातल्या.